भगवंतराव सरांची लाल रेघ

भगवंतराव सरांनी पांढुर्ण्याच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. स्वतः मोर काढले, सूर्यास्त काढले, तीन अधिकाऱ्यांची तैलचित्रं काढली. त्यातल्या एकाने बदली झाल्यावर आपलं चित्र सोबत नेलंसुद्धा नाही. तरी घराच्या पाटीवर नावाखाली ‘चित्रकार’ आहे. पोस्टमन सोडून ती पाटी कोणी वाचत नाही, याचं सरांना मनापासून दुःख आहे.

सर पेपर कसे तपासत, ते आम्ही भोगलंय. कोरी जागा दिसली की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल पेन्सिलीची तिरपी रेघ, म्हणजे पोरांनी मागाहून काही घुसडायला नको. चित्रकलेच्या कागदालाही तोच न्याय. आभाळ मोकळं सोडणारा पोरगा आळशी, एवढं सरांचं सौंदर्यशास्त्र होतं.

गेल्या महिन्यात आमच्या वर्गातल्या गौतमचं एक चित्र मुंबईत लिलावाला निघालं. गौतम आता मोठा चित्रकार झालाय, म्हणजे कमीत कमी काढतो. चित्राचा फोटो गावभर फिरला. पिवळट कागद, खालच्या कोपऱ्यात एक छोटा गोटा, आणि तिथून थेट वरच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली लाल रेघ. नाव ‘गोटमार’, नदीपलीकडच्या सावरगावशी होणाऱ्या आमच्या दगडफेकीच्या जत्रेवरून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठावर उभं राहून सावरगावकडून येणारा गोटा ज्याने चुकवलाय, त्याचं डोकं ती रेघ पाहून आपोआप खाली जातं. लिलावाच्या माहितीपत्रकात मात्र ‘निर्भय रेषा’ असं छापलं होतं.

मी फोटो सरांना दाखवला. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. रेघेच्या टोकाला पेन्सिल उचलतानाचा त्यांचा नेहमीचा झटका होता. गौतमने सहावीच्या परीक्षेचा कागद जपून ठेवला होता. आयुष्यात एकच रेघ नावाजली गेली, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. सरांनी माझ्यासमोरच स्पीकरवर गौतमला फोन लावला.

“गौतम, ते रेघ मी मारली होती.”

“हो सर, तुमचीच आहे. मी फक्त गोटा काढला होता. तुमी दहापैकी दोन दिले होते.”

“मंग माह्यं नाव टाक ना बाबू. चित्रकार म्हणून.”

“टाकतो ना सर. पण एक सांगा, रेघ मारतानी तुमाले गोटा दिसला होता काय?”

सरांनी फोटो परत डोळ्यांजवळ धरून पाहिला. खोटं बोलले असते तर पकडणारं कोणी नव्हतं.

“नाही,” ते म्हणाले. “गठ्ठा मोठा होता. मले कागद कोराच वाटला.”

“मंग दोन मार्क कायचे?”

“कागद साफ होता.”

पलीकडून गौतम हसला नाही. सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

“तपासणारा म्हणूनच टाक,” ते म्हणाले. “न पाहता मारली होती, तेवढं नको लिहू.”