समोर फक्त मी होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, छाया वहिनीला नाही, आमच्या चळवळीच्या गटातल्या पोरींना तर नाहीच. तुलाच काऊन सांगते आहे — माहीत नाही. तू माझ्या घरचं कुणी नाहीस, एवढं कारण पुरे असावं.

मी पत्रकं लिहिते. रेशन दुकानातली मापं, बंद पडलेली एसटी, दवाखान्यातली हेळसांड — जिथे अन्याय दिसेल तिथे माझा कागद पोचतो. गटातल्या ताईंनी मला शिकवलं होतं, पहिली ओळ थापडीसारखी बसली पाहिजे, शेवटी मागण्या, आणि मधे 'कदाचित' हा शब्द कुठेही दिसता कामा नये. मी चांगली शिकले. पत्रकात चूक नेहमी समोरच्याची असते ना? म्हणून आज हात अडतोय. 'मी चुकले' असं लिहून पाहिलं आणि खोडलं. चुकणं वेगळं असतं. मी चुकले नव्हते — मला दिसलं होतं.

थांब. आधी दादाबद्दल सांगू दे.

विलासदादा माझा मोठा भाऊ. आम्ही हिंगणीचे. तो बोरच्या जंगलात, वाघ पाहायला येणाऱ्यांचा गाइड होता. पहाटे गेटवर गाइड लोकांचे नंबर लागतात, उशीर झाला की दिवस हातचा जातो. त्यामुळे आमच्या घरात त्याला उठवायची एकच हाक होती — "गेट उघडलं रे!" आई चुलीपाशी बसून ओरडायची, आणि दादा डोळे उघडायच्या आधी पायांनी जमिनीवर चपला चाचपायचा. आम्ही हसायचो. "माणूस मागून उठते, पाय आधी जंगलात जाते याचे," वहिनी म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेली होती, संध्याकाळी घरी परतताना त्याच्या गाडीला रानडुक्कर आडवं आलं. गाडीचा फक्त आरसा फुटला. दादाच्या मेंदूला मार लागला.

मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीत दोष त्यांचा नाही.

ते दिवस मला ओळीनं आठवत नाहीत. पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. आयसीयूचे हिरवट पडदे, कधी दिवस आहे कधी रात्र हे न कळू देणारा तो पांढरा उजेड, गळ्यातल्या नळीतून जाणारा-येणारा दादाचा श्वास. मी काचेपाशी उभी राहायचे आणि मला वाटायचं, तो एका खोल डोहाच्या तळाशी निजलाय आणि आम्ही सगळे काठावरून वाकून पाहतोय. मोठ्यानं बोलू नये. पाणी हलेल. त्याला हलवू नये. एवढंच मनात — त्याला कुणी हलवू नये.

आणि सहाव्या दिवशी काचेतून पाहते तर त्याला बसवलेलं! पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून, मान एका बाजूला कलंडलेली. मागून एका बाईनं धरलेलं, नर्सच्या हातात नळ्या. मी दार ढकलून आत गेले. "काय करून राह्यले तुम्ही? बेशुद्ध माणूस आहे तो! गरिबाचा जीव म्हणून शिकाऊ लोकांले देऊन देता काय खेळाले?"

त्या अर्चना मॅडम होत्या, व्यायाम करवणाऱ्या. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी आधी दादाला नीट आडवं केलं, मग मला बाहेर आणून सांगितलं. डोक्यातला दाब उतरलाय, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. पडून राहिलं की अंग स्वतःलाच विसरायला लागतं, सांधे आखडतात, छातीत कफ भरतो. म्हणून लवकर बसवायचं — दोन मिनिटं, यंत्रावर नजर ठेवून, जरा काही वाटलं की परत आडवं. मी ऐकत होते का? नव्हते. माझ्या डोक्यात पहिली ओळ तयार झाली होती. 'बेशुद्ध रुग्णाची विटंबना!' चांगली ओळ होती. थापडीसारखी.

बाहेर वहिनी डबा मांडीवर घेऊन बसली होती. "काऊन व, बाहुली आहे काय माया माणूस, बसवून पाहाले?" तिचं हे वाक्य मी दुपारी पत्रकात जसंच्या तसं घातलं. संध्याकाळी वर्ध्याला छापून घेतलं.

सातव्या दिवशी सकाळी गठ्ठा माझ्या पिशवीत होता. अकरा वाजता दवाखान्याच्या गेटवर वाटायचा, गटातल्या पोरी येणार, असं ठरलं होतं. आणि साडेदहाला अर्चना मॅडम स्वतः मला बोलवायला आल्या. म्हणाल्या, "ताई, आज तुम्हीच आत या. डोळ्यानं पाहा, मग काय भांडायचं ते भांडा. ओळखीच्या आवाजाला माणूस लवकर वळतो. तुम्ही हाक मारा."

मी पिशवी खांद्याला तशीच ठेवून आत गेले.

आता हे नीट ऐक, कारण सगळं यातच आहे. अशा माणसाला बसवतात तेव्हा जो धरतो तो मागे असतो. मॅडम पलंगावर गुडघे टेकून दादाच्या पाठीशी होत्या, त्यांच्या खांद्यावर त्याचं डोकं. त्यांना त्याचा चेहरा दिसत नव्हता. नर्सचा एक हात नळीवर, नजर आकड्यांवर. समोर फक्त मी होते. म्हणून तर त्यांनी मला तिथे उभं केलं होतं — पाहायला.

मी म्हटलं, "दादा." काही नाही. "विलासदादा." काही नाही. मग माझ्या तोंडून, न ठरवता, आईचा आवाज निघाला — "गेट उघडलं रे! नंबर जाईन तुया!"

त्यानं डोळे उघडले.

हळूहळू, जसं तळातून कुणी वर येतं तसे. ते माझ्यावर थांबले. तो मला पाहत होता, रे. नुसते उघडे डोळे आणि पाहणारे डोळे यातला फरक बहिणीला कळत नाही का? आणि त्याचा उजवा पाय फरशीवर सरकला — जरासा डावीकडे, जरासा पुढे. चपला शोधत होता.

मागून मॅडमनं विचारलं, "ताई, डोळे उघडले काय?"

माझ्या पिशवीतल्या पत्रकांतून ताज्या शाईचा वास येत होता.

"नाई," मी म्हटलं.

तो माझ्याकडे पाहत होता तेव्हा म्हटलं. त्याच्या डोळ्यात डोळे असताना. मॅडमनं पुन्हा विचारलं, "पाय वगैरे?" मी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी त्याला आडवं केलं, आणि उशीला डोकं टेकता टेकता ते डोळे मिटत गेले. कागदावर त्यांनी माझ्या शब्दावरून लिहिलं — प्रतिसाद नाही.

अकराला मी गेटवर होते. मी इतकं चांगलं कधी बोलले नसेन. लोक जमले, आमच्या गावचे, केळझरचे, नुसते उभे राहिलेले. दवाखान्याचे मोठे साहेब खाली आले. दुपारपर्यंत फाइलवर चढलं, नातेवाईकांची हरकत, बसवणं बंद. अर्चना मॅडमना दुसऱ्या विभागात पाठवलं. आम्ही जिंकलो.

दादा पुढे तीन आठवडे पडून होता. मग आपणहूनच जागा झाला — आपणहून, असं सगळे म्हणतात. तोवर पाठीला जखम झाली होती आणि उजवी टाच वर ओढली गेली होती. अजून ती जमिनीला टेकत नाही. तो भिंत धरून अंगणापर्यंत जातो. जंगलात त्याच्या जागी दुसरा पोरगा लागला आहे. मी एकदा एका डॉक्टरांना विचारलं, तेव्हा बसवत राहिले असते तर चालला असता का? ते म्हणाले, "कदाचित. सांगता येत नाही." हा शब्द मी किती दिवस उशाशी घेऊन झोपले, तुला काय सांगू. पण माझ्या 'नाई'त कुठे होतं कदाचित?

विहारात सभा झाली तेव्हा माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या. वहिनी आजही आल्यागेल्याला सांगते, "ही पोट्टी होती म्हणून माया माणूस वाचला." मी खाली पाहते. लोकांना वाटतं लाजते आहे. अर्चना मॅडम एकदा सेलूच्या स्टँडवर दिसल्या. त्याच आधी बोलल्या. "भाऊ कसे आहेत?" मी म्हटलं, बरा आहे. त्यांची बस लागली.

गेल्या महिन्यात दुपारी दादा अंगणात बाजेवर पडला होता, मी पाय चोळून देत होते. ऊन निंबातून खाली उतरलेलं. तो झोपेत आहे असं वाटलं, पण बोलायला लागला, थांबत थांबत, आता बोलतो तसं.

"दवाखान्यात ना व, मले एक सपन पडलं होतं. मी कुठंतरी कडेले बसून होतो. पायाखाली थंडगार. मागून कोणी धरलं होतं मले. तू समोर होती. मी तुले म्हणून राह्यलो होतो का चप्पल दे, पण आवाजच निघे नाई. आन् तू पाहे मले... मंग तूच गेली निंगून."

माझे हात थांबले.

"सपनच होतं न व ते?"

"हो दादा," मी म्हटलं. "सपनच होतं."

तो हसला. "मले वाटलंच. खरं असतं त तू काऊन गेली असती?"

मी पुन्हा टाच चोळायला लागले.

ते स्वप्न नव्हतं.