आल्ट्येने सोडलेलं घर

हॉलंडमधल्या हार्लेम शहरातल्या एका चौकात अकरा छोटी घरं, मध्ये एक पंप आणि एक जुना रिवाज. सकाळी आठाच्या आत प्रत्येकीने खिडकीचा पडदा उघडायचा. नाही उघडला तर शेजारणीने दार ठोठावायचं. तीनशे वर्षांपूर्वी एका निपुत्रिक बिअरवाल्याने गरीब, एकट्या म्हाताऱ्यांसाठी ही घरं बांधली. भाडं नाही, थंडीत जळण फुकट. अट एवढीच, की आपलं घर आपण सांभाळायचं. ते जमेनासं झालं की म्हातारीची रवानगी शहराच्या इस्पितळातल्या लांबलचक खोलीत, चाळीस खाटांमध्ये.

आल्ट्येने जन्मभर लोकांचे कपडे धुतले आणि इथल्या घरासाठी नऊ वर्षं वाट पाहिली. समोरच्या फेम्केचे गुडघे त्या हिवाळ्यात पार गेले. तेव्हापासून आल्ट्ये रोज सहालाच तिच्याकडे जाई, पाणी भरी, उंबरा घासून काढी, पडदा उघडी आणि गुपचूप परते. पुण्यबिण्य तिच्या गावीही नव्हतं. फेम्केशी भांडल्याशिवाय तिला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे, इतकंच.

मार्चमध्ये आल्ट्येच तापाने फणफणली आणि दोघींचेही पडदे बंद राहिले. शेजारणींनी दारं ठोठावली. फेम्के आतून ओरडली, "मेले नाहीये गं! उठता येत नाही!"

झालं, बिंग फुटलं. दुपारी विश्वस्तबाई हजर.

"फेम्केबाई, तुम्हाला हलवावं लागेल. घराला हात हवेत. नियम आहे."

फेम्केचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात शाल गुंडाळून आल्ट्ये दारात उभी राहिली, चौकटीला धरून.

"हात माझे घ्या की! मी हिच्याकडे राहते. माझं घर यादीतल्या पुढच्या बाईला द्या."

"अहो, नऊ वर्षं थांबलात त्या घरासाठी!"

"मला ठाऊक नाही होय?"

"मला नको ही!" फेम्के कडाडली. "घोरते मेली!"

"तुला ऐकू तरी येतं का, भवाने?"

विश्वस्तबाईंनी नियमांची वही दोनदा चाळली. एका घरात दोघींनी राहू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि आल्ट्येने आपली किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. खरं सांगतो, इतका मोठा दानधर्म त्या बिअरवाल्यालाही जमला नसता.

शेजारणींनी तिची खाट उचलून आणली. ती भिंतीशी लावणार, तोच फेम्केने तोंड पलीकडे फिरवलं.

"तिथे नको, ओल येते. माझी खाट सरकवा आणि हिची शेगडीजवळ लावा."