भोकं शोधणारे भाऊ

भोकांवर इतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल. गोडादऱ्यात भाऊ आमचे शेजारी. खमण समोर ठेवलं की आधी मोडून आतली जाळी बघणार, "भोकं जरा मोठी आहेत," म्हणणार आणि मग तीन तुकडे खाणार. गल्लीत वीट फुटली तरी भोकं बघायला तुकडा घरी नेतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी अनारसा हातात धरून व्याह्यांना अर्धा तास त्याच्या जाळीत प्रथिनं कशी बसतील ते सांगितलं. व्याही नंतर हळूच म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण अनारसा परत ठेवला नाही."

पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये ते लॅब सांभाळतात, मी स्टोअर. कापड ब्लीच केल्यावर त्यात पेरॉक्साइड उरतं, ते रंग खातं. ते मोडायला एन्झाइम नावाचं प्रथिन घालतात आणि लॉट झाला की पाण्याबरोबर नाल्यात सोडतात. एन्झाइमचे हे हाल भाऊंना बघवत नसत. अहिराणी मिसळून म्हणत, "ताई, हाऊ बी कामगारच शे. काम झालं की हाकलायचा? खोली द्या, टिकेल." खोली म्हणजे साबुदाण्याएवढे सच्छिद्र मणी. एन्झाइम त्यांच्या भोकांत बसवायचं, मणी जाळीच्या पिशवीत आणि पिशवी टाकीत. मिलच्या शेठनी अट घातली, एका पिशवीवर दहा लॉट निघाले तर हे काम चालू, नाहीतर भाऊ लॅब सोडून शिफ्टवर.

सात लॉट स्वच्छ निघाले. मग सुट्टीसाठी टाकी रिकामी झाली. माझ्या यादीत ओळ होती: टाकीतलं सामान धुऊन, वाळवून जमा. मी पिशवी साबणाच्या उकळत्या पाण्यात खळबळून काढली, गच्चीवर वाळवली आणि ओळीपुढे खूण केली. आठव्या लॉटच्या निळ्या कापडावर पांढुरके डाग.

"खोली देऊनही पळाला तुमचा कामगार?" शेठनी विचारलं.

भाऊंनी पिशवी हुंगली. साबणाचा वास त्यांना आलाच असणार. तरी म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं."

मी यादी शेठपुढे ठेवली. "पिशवी मी उकळली. एन्झाइम त्यातच मेलं."

शेठनी यादीवरची खूण बघितली. "इसमें मणी का क्या दोष? फिर एक से गिनो."

दुसऱ्या पिशवीने दहा लॉट काढले. भाऊंचं लॅबमधलं टेबल राहिलं. तेराव्याला मात्र ती मंदावली. कितीही चांगली खोली दिली तरी एन्झाइम थकतंच. भाऊ ते मणी घेऊन स्टोअरच्या दारात उभे राहिले. निकामी माल ठेवायचा नाही हा माझाच नियम. मी एक काचेची बरणी रिकामी केली, त्यात मणी भरले आणि ती स्टोअरच्या फळीवर ठेवली.

भाऊंची नोकरी आता वर्षभर उरली आहे. बरणीपाशी थांबून झाकण घट्ट आहे का एवढं बघतात, आणि पुढे जातात.