इमूचा खुबा आणि माझा

मी कापसाच्या सरीत उताणी पडले होते आणि इमू माझ्या लुगड्यावर पाय देऊन उभा होता. डॉक्टर बाभळीवर चढले होते. माझे धाकटे दीर पोट धरून पाण्याच्या चारीत बसले होते. माझ्या डाव्या खुब्यात काहीतरी कडकन वाजलं होतं.

“वैनी, जित्त्या हाव ना?” दीर चारीतून ओरडले.

“हाय. तुमी?”

“बगून सांगतो.”

बाभळीवरून डॉक्टर म्हणाले, “आजी, हलू नका! त्याचं डोकं झाका!”

“न हलता झाकू कसं रे लेकरा? तू ये की खाली.”

“काटे आहेत, आजी.”

“चढताना न्हवते?”

इमू म्हणजे माणसाएवढा उंच, लांब मानेचा, उडता न येणारा पक्षी. मागे आपल्याकडे इमू पाळायची लाट आली होती. गेवराईच्या अंगाला निम्म्या शेतांत जाळ्या लागल्या. माझ्या मुलानेही पाळले. अंडी घेणारे लोक एक दिवस दिसेनासे झाले. बाकीचे पक्षी मेले, हा एक उरला. शर्टाची बटणं, खिळे, माझ्या चष्म्याची दोरी, सगळं खाऊन उरला.

आता माझ्या खुब्याचं. गुडघे दुखायचे म्हणून मी गावातल्या डॉक्टरकडून सुया घ्यायची. सुई टोचली की घोडीसारखी चालायची. पुढे खुबा धरला. बीडच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, त्या औषधाने खुब्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, हाड मेलं. मी म्हटलं, मी जिती आणि हाड मेलं, हे कसं काय? म्हणाले, होतं असं. गोळा अजून ढासळला नव्हता. ढासळला तर काढून लोखंडी बसवायचा. मला काढायचा नव्हता. देवाने दिलेला मोडका बरा.

तेव्हा ते म्हणाले, एका ठिकाणी नवा उपाय तपासताहेत. हाडाच्या आतल्या मगजात मूळपेशी असतात, त्यांच्यापासून नवं हाड तयार होतं. त्या काढून मेलेल्या हाडात सोडायच्या. मी म्हटलं, मग सोडा की. ते म्हणाले, आधी जनावरावर बघावं लागतं, आणि त्यांना इमू मिळेना.

मी म्हटलं, आमच्याकडे आहे की एक. असे त्या ठिकाणचे ते बाभळीवरचे डॉक्टर आमच्या शेतात आले. तरुण पोरगा, बोलायला नीट. त्यांनी समजावून सांगितलं: उंदीर, ससे फार हलके. मेंढी चार पायांची, एक पाय दुखला तर तिनांवर भागवते, म्हणून तिचा गोळा माणसासारखा ढासळत नाही. इमूला आपल्यासारखे दोनच पाय. सगळा भार त्यांच्यावर. आधी त्याच्या खुब्यातलं हाड गोठवून मारायचं. गाई भरवणारा डॉक्टर धूर निघणारी गार टाकी आणतो ना, त्यातलंच औषध. मग त्या पेशी सोडून बघायचं.

दीर म्हणाले, “चांगलं हाड मारायचं आन् मंग जित्तं करायचं? आमच्यात ह्याला चेटूक म्हन्त्यात.”

“आमच्यात प्रयोग म्हणतात, काका.”

“आन् शेवटाला?” मी विचारलं.

डॉक्टरांनी खाली बघितलं. “शेवटी पक्षी मारून हाड कापून बघावं लागतं.”

“बगा. माजं ढासळायच्या आत बगा म्हंजी झालं.”

माझा सगळा जीव त्या एका गोष्टीत होता.

पक्ष्याला पिकअपमध्ये चढवायचं होतं; ती ड्रायव्हरसकट सडकेवर थांबली होती. डॉक्टर म्हणाले, बाजूने जाऊन आधी डोक्यावर पिशवी घालू. पण दीरांचा जन्म मेंढरांत गेला. मेंढराचा मागचा पाय धरला की ते उड्या मारत मागे येतं. त्यांनी इमूलाही मागून जाऊन पाय धरला. इमूला मागचा आणि पुढचा असा वेगळा पाय नसतो, आणि लाथ तो पुढे मारतो. तो गर्रकन वळला. दीर चारीत गेले, डॉक्टर बाभळीवर, आणि मी काठी घेऊन मधेच उभी होते.

शेवटी मी पडल्या पडल्या डोक्यावरचा पदर ओढून इमूच्या तोंडावर टाकला. अंधार झाल्याबरोबर तो नवरीसारखा गप्प झाला. पदराचं एक टोक त्याच्या डोक्यावर, बाकी लुगडं माझ्या अंगावर.

दीर चारीतून वर येत म्हणाले, “वैनी, गाठ मारू का?”

“आदी मला उठवा, मंग वरात काडा.”

दुसरं वाहन मिळेना, म्हणून त्याच पिकअपमधून आम्ही बीडला गेलो. मी आडवी, इमू पिशवी घालून बसलेला, आणि डॉक्टर उभे. काटे अशा जागी होते की त्यांना बसता येईना. दवाखान्याच्या दारातल्या माणसाने आत डोकावून विचारलं, “पेशंट कोनता?”

फोटोत गोळा ढासळलेला दिसला. त्या पेशी उभ्या असलेल्या हाडासाठी, पडलेल्याला त्यांचा उपयोग नाही. लोखंडी गोळा बसवला. बरा आहे. कुरकुरत नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी त्या डॉक्टरांचा फोन आला. आमच्या पक्ष्याच्या मेलेल्या हाडात नवं हाड धरलं होतं, पण सगळ्या पक्ष्यांत धरलं नाही.

“म्हंजी गुन येतो का न्हाई?”

“अजून सांगता येत नाही, आजी.”

“आन् पक्षी?”

“कापला, आजी.”

“बरं,” मी म्हटलं. तसं ठरलंच होतं.

त्या दिवशी शेतात आम्ही तीन माणसं आणि एक पक्षी होतो. तिन्ही माणसं जिवंत आहेत.