पुष्पाचे हात, दुसरीचं तोंड

टीव्हीवर ती बाई हवेत उडाली, डाव्या पायावर उतरली, गर्रकन वळली आणि तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या त्या खोलीत सतरंजीवर बसलेल्या मुलींनी टाळ्या वाजवायला हात उचलले होते. ते तसेच राहिले.

"दीदी," हेमलता हळूच म्हणाली, "ये तो आप नहीं हो."

पुष्पाला दिसत होतं. पाय तिचा होता. कंबर तिची होती, खांद्यातून निघालेला तो ठोसाही तिचाच होता. मानेच्या वर मात्र सिनेमाच्या हिरोइनचं गुळगुळीत, पावडर लावलेलं तोंड बसवलेलं होतं. अंग जिवावर उदार होऊन लढत होतं आणि तोंड नुकतंच झोपेतून उठल्यासारखं शांत होतं.

"बंद कर," पुष्पा म्हणाली.

मुली गेल्या. खास या दिवसासाठी केलेला चिवडा तसाच परातीत राहिला. मागे थांबली ती फक्त हेमलता. शाळेत मास्तरीण असलेली ही हेमलता पुष्पाच्या कराटेच्या वर्गातली सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी. तिला ठाऊक होतं, पुष्पाताई आरडाओरडा करतात तेव्हा घाबरायचं कारण नसतं. त्या गप्प बसल्या की मात्र सांभाळायचं.

हा राग समजायला थोडं मागे जावं लागेल. पुष्पाचे वडील, भाऊराव धोटे, मूळचे अमरावतीकडचे. जबलपूरच्या फॅक्टरीत फिटर होते. चार बहिणींत पुष्पा तिसरी आणि सगळ्यांत दांडगी. लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदाराने कराटेचा वर्ग काढला, तेव्हा त्यात नाव घालणारी ती एकटीच मुलगी. लोक भाऊरावांना म्हणायचे, पोरीचं लग्न कसं करणार? भाऊराव म्हणायचे, "जो हिला भिणार नाही, त्याच्याशी करू."

ऐंशीच्या दशकात देशभर मारामारीच्या सिनेमांचं वेड पसरलं होतं. हाँगकाँगचे सिनेमे हिंदीत बोलायला लागले होते आणि मुंबईचे निर्माते त्यांची स्वस्तातली नक्कल काढत होते. असाच एक ताफा जबलपूरजवळच्या भेडाघाटला आला. सिनेमाचं नाव 'काली मुट्ठी'. बापाच्या खुनाचा सूड घेणारी मुलगी, संगमरवराचे कडे, खाली नर्मदा. हिरोइनला नीट पळताही येत नव्हतं. विग घालून तिच्या जागी लढणारा माणूस पहिल्याच दिवशी घसरून पडला आणि मुंबईला परत गेला. मग कुणीतरी सुभेदाराच्या वर्गाचं नाव सांगितलं.

पुष्पाला काळे कपडे दिले. फाइट मास्टरने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, "बहनजी, मुंडी नीचे. चेहरा नहीं दिखना चाहिए."

"मुंडी नीचे रखूँगी तो सामनेवाले का हाथ कैसे देखूँगी?" पुष्पाने विचारलं.

समोरचे लोक खरेच अंगावर येत होते आणि धुवांधार धबधब्याच्या तुषारांनी दगड चिंब झाले होते. पुष्पा मान वर करूनच लढली. दिग्दर्शक म्हणाला, राहू द्या, इतक्या वेगात कोण बघतंय. कड्यावरून नावेत उडी मारताना तिचं मनगट मोडलं. तिने तसाच शॉट पुरा केला, कारण कॅमेरा चालू होता आणि थांबा असं कुणी म्हणत नव्हतं.

पडद्यावर नाव आलं ते फाइट मास्टरचं. जबलपूरच्या टॉकीजमध्ये लोक उठून शिट्ट्या मारत होते, त्या हिरोइनला. पुष्पा मैत्रिणींच्या मध्ये प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाईने तिला विचारलंसुद्धा, "बेटी, हाथ को क्या हुआ? गिर गई क्या?"

तिला ओळखलं ते एकाच माणसाने. श्यामसुंदर एका वितरकाकडे नोकरीला होता. सिहोरा, शहपुरा, कटनीकडच्या टॉकीजना फिल्मच्या पेट्या पोचवायचा, त्यामुळे 'काली मुट्ठी' त्याने कितीदा पाहिला असेल त्याची गणती नाही. एके दिवशी वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "ती तुम्ही आहात ना? वळताना तुमचा चेहरा दिसते. मी दरवेळेस त्याच्यासाठीच थांबतो." पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

वितरकाचं ऑफिस बंद पडलं तेव्हा जुन्या फिल्मा भंगारात निघाल्या. श्यामसुंदरने हातगाडीवरून 'काली मुट्ठी'चे डबे खाली उतरवून घेतले आणि घरी आणले. दर हिवाळ्यात तो रिळं काढून हवा द्यायचा. तो गेल्यावर ते काम पुष्पा करत राहिली.

म्हणूनच विनता खेर चेरीतालला आली. याच मोहल्ल्यातल्या जुन्या खेरांची ही मुलगी आता मुंबईत होती. जुने मारामारीचे सिनेमे दुरुस्त करून घरी बघण्यासाठी डिस्कवर काढणाऱ्या एका कंपनीत दुरुस्तीचा विभाग सांभाळत होती. 'काली मुट्ठी'ची मूळ निगेटिव्ह लॅबमध्ये पाणी शिरून गेली होती. परदेशातले शौकीन या सिनेमासाठी जीव टाकत होते आणि धड अशी एकच प्रिंट उरली होती, पुष्पाच्या माळ्यावर. रंग उडून सगळी गुलाबी पडलेली, एका डब्याला सडत्या फिल्मचा, व्हिनेगरसारखा वास सुटलेला, पण पूर्ण.

"मावशी, हे सगळं निघेल," विनता म्हणाली होती. "ओरखडे, डाग, हा गुलाबी रंग. मग तुमचा चेहरा असा दिसेल की कुणाला सांगावं लागणार नाही."

"नाव टाकशील?"

"टाकणारच."

पुष्पाने डबे दिले. काही महिन्यांनी विनताने नमुन्यादाखल साफ केलेली एक फ्रेम लॅपटॉपवर आणून दाखवली. बावीस वर्षांची पुष्पा, दात आवळलेली, भुवईवरून घाम ओघळतोय, डोळे समोरच्याच्या हातावर. पुष्पाला वाटलं, श्यामसुंदर अजून थोडा थांबायला हवा होता.

आणि आता हे.

हेमलता बसलेली असतानाच पुष्पाने मुंबईला फोन लावला.

"विनता, माझ्या अंगावर कोणाचं मुंडकं बसवलं तुम्ही?"

"मावशी, मी सांगणारच होते. निर्णय माझा नव्हता. हिरोइनच्या मुलाची परवानगी हवी होती, तिचा फोटो कव्हरवर टाकायला. तो म्हणाला, आईच्या जागी दुसरी कुणी दिसता कामा नये. आणि चित्र इतकं स्वच्छ झालं ना, की डबल लगेच ओळखू यायला लागली. मालक म्हणाले, प्रेक्षकाचा रसभंग होतो."

"रसभंग! मनगट मोडलं होतं माझं त्या उडीत. ते काहून नाही बदललं? ते पण तिचंच लावायचं होतं."

"मावशी..."

"इतके वर्ष धूळ होती म्हणून मी दिसत नव्हती. धूळ तुम्ही पुसली. मी दिसली, तर मलाच पुसून टाकलं?"

"पुस्तिकेत तुमचं नाव आहे," विनता घाईने म्हणाली. "शेवटच्या पानावर, आभारांत."

"काय म्हणून?"

"प्रिंट... उपलब्ध करून दिल्याबद्दल."

"म्हणजे डबे सांभाळणारी. चौकीदारीण." पुष्पाचा आवाज खाली आला. "ठीक आहे. चौकीदारीण येऊन राहिली आहे आपले डबे घ्यायला."

हेमलताने शाळेत रजा टाकली आणि दोघी मुंबईला गेल्या. कंपनीचे मालक शरच्चंद्र मोठे गोड बोलणारे होते. उठून उभे राहिले, नमस्कार केला, चहा मागवला. पुष्पाने कपाला हात लावला नाही.

"तुमची नाराजी मी समजू शकतो," ते म्हणाले. "आपण असं करू. पुढच्या आवृत्तीत तुमची एक छान मुलाखत घालू. पडद्यामागची वाघीण. लोकांना आवडतं असं काही."

"मी पडद्यामागे नव्हती. पडद्यावर होती. मागे तुम्ही टाकलं. डबे द्या."

"ताई, इथे ते थंड खोलीत सुरक्षित आहेत. तुमच्याकडे माळ्यावर खराब होतील."

"माळ्यावर कोणी त्यांचं तोंड नव्हतं बदललं."

शरच्चंद्रांनी हसून विनताकडे पाहिलं, जणू या म्हातारीला तूच समजाव. पण विनताचा चेहरा उतरला होता. परदेशातल्या एका कंपनीने आणखी मोठ्या, स्पष्ट आवृत्तीची मागणी केली होती आणि त्यासाठी सगळी रिळं पहिल्यापासून पुन्हा स्कॅन करायची होती. ते काम अजून सुरूही झालं नव्हतं. डबे गेले तर ते काम अडणार, हे मालकांना सगळं ठाऊक असूनही सुचलं नव्हतं, विनताला सुचलं होतं. तरी ती उठली, आत गेली आणि एक-एक डबा आणून टेबलावर ठेवू लागली.

"विनता, काय करतेस?" शरच्चंद्र म्हणाले.

"त्यांचे आहेत, सर. आपण फक्त वापरायला आणले होते."

शेवटचा डबा बॅगेत ठेवायला ती खाली वाकली, तर पुष्पाने तिचा हात बाजूला केला. "राहू दे. हात नको लावू." विनताच्या डोळ्यांत पाणी आलं. पुष्पाने ते पाहिलं आणि तिला आणखीच राग आला. रडायचं होतं तर ते तोंड चिकटवत होते तेव्हा रडायचं होतं.

डबे घेऊन दोघी जबलपूरला परतल्या.

मग फोन सुरू झाले. आधी विनताचे, मग मालकांच्या सेक्रेटरीचे, मग खुद्द मालकांचे. दरम्यान डिस्क विकत घेतलेल्या लोकांनी बोंब मारायला सुरुवात केली होती. मूठ तोंडासमोरून गेली की हिरोइनचं नाक वितळल्यासारखं व्हायचं. गळा सावळा आणि तोंड गोरं. लोकांनी त्याचे तुकडे इंटरनेटवर टाकून खिल्ली उडवली आणि परदेशी कंपनीने कळवून टाकलं, सिनेमा जसा होता तसा द्या, नाहीतर नको.

पुष्पाने फोन उचलला आणि आपलं म्हणणं सांगितलं. मारामारी आहे तशी राहील. सुरुवातीच्या नावांमध्ये तिचं नाव स्वतंत्र येईल, फाइट मास्टरच्या खाली नाही, शेजारी. आणि रिळं मशीनवर चढतील तेव्हा ती समोर बसेल.

ती खरंच बसली. मुंबईच्या त्या थंडगार खोलीत शाल गुंडाळून, मशीनमधून सरकणारी फिल्म बघत, रोज. चहाला उठायची वेळ आली तर हेमलताला बसवायची. विनता शेजारच्या खुर्चीवर काम करत असे. एकदा ती म्हणाली, "मावशी, मी राजीनामा द्यायला हवा होता का?"

"मला काय विचारते?" पुष्पा फिल्मवरची नजर न काढता म्हणाली. "माझ्या नावाचं काय करायचं तेही मला विचारलं नव्हतं."

नवी आवृत्ती आली. या वेळी पुष्पाने मुलींना बोलावलं नाही. दुपारी दार लावून एकटीच बसली. नाव आलं: पुष्पा धोटे. मग भेडाघाटचा कडा आला, पांढराशुभ्र, आणि त्यावर ती. वळली, पाहिलं. श्यामसुंदर ज्याच्यासाठी थांबायचा, ते. मग उडी. मनगट मोडलं त्या क्षणी पडद्यावरच्या मुलीचं तोंड वेदनेने उघडलं आणि त्यातून बाहेर पडली हिरोइनची नाजूक किंकाळी. नंतर स्टुडिओत बसून घेतलेली.

आवाजाचा विचारच तिच्या डोक्यात आला नव्हता. तिने उठून टीव्हीच्या कडेवर हात आपटला. हात दुखला.

संध्याकाळी विनताचा फोन आला. "पाहिलंत? आता तरी राग गेला ना, मावशी?"

"पहिली आवृत्ती बाजारातून काढली?"

विनता अडखळली. "ती... ती इथे अजून विकतात. नवीवाली महाग आहे ना, ती मुख्यतः बाहेर जाते. मी बोलले होते मालकांशी. ते म्हणाले, माल पडून आहे."

म्हणजे जबलपूरमध्ये, सिहोऱ्यात, तिच्या ओळखीच्या घरांत लोक बघणार ते दुसरीचंच तोंड. पुष्पाला वाटलं होतं, ती ओरडेल. पण आवाज अगदी सरळ निघाला.

"मग एक काम कर. त्याच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर माझे आभार मानले आहेत. ते काढून टाका. त्या सिनेमाशी माझा काही संबंध नाही."

ते काम मात्र कंपनीने लगेच केलं.