बटणावरचा अंगठा

भावाच्या रिपेअरिंगच्या दुकानात मागच्या टेबलावर आक्का बसायची. जुन्या सर्किटांतले सुटे भाग काढायचे आणि कामाचे कुठले, टाकायचे कुठले ते निवडायचं, हे तिचं काम. त्यासाठी हातात मावणारं एक टेस्टर होतं. खोबणीत भाग खोचला की पडद्यावर त्याचं नाव यायचं. ओळखता नाही आला, तर नुसतं प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हावर आक्काचं राज्य होतं. भिंग लावून, भाग उलटासुलटा करून ती निकाल द्यायची, आणि भाऊ गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचा, "आमच्या आक्काला विचारा!" नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून वाट्याला आलेला मान तो एवढाच. तो तिला पुरायचा.

मग भावाचं लग्न झालं. भावजय हसतमुख, शिकलेली आणि कामाला वाघ. बघता बघता गिऱ्हाइकं "वहिनी आहेत का?" म्हणत यायला लागली. आक्काच्या पोटात दुखायला लागलं. भावजयीचं सोल्डरिंग सुबक असायचं, याचा तर विशेष राग. वाईट असतं तर निदान नावं तरी ठेवता आली असती!

एक दिवस भावजय म्हणाली, "आक्का, टेस्टरचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, अपग्रेड करू या. नवीन व्हर्जन म्हणे सगळे भाग ओळखतं. तुमच्या डोळ्यांना किती त्रास होतो!"

त्रास म्हणे! भाऊ घेतलास, गिऱ्हाइकं घेतलीस, आता माझं प्रश्नचिन्हही हवं का तुला, असं आक्काच्या अगदी ओठांवर आलं होतं.

टेस्टर कॉम्प्युटरला जोडलं. काम पुरं होईपर्यंत त्याच्या कडेचं बटण दाबून धरायचं होतं. मधेच सुटलं तर टेस्टर बंद पडणार आणि सगळं पहिल्यापासून करावं लागणार. "चिमटा लावणार होते," भावजय म्हणाली, "पण तुमच्या हाताचा भरवसा चिमट्याला नाही."

आक्काने अंगठा ठेवला. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी कॉम्प्युटरवर सरकू लागली. ती अर्ध्यावर आली आणि पुढून भावाने बायकोला कौतुकाने हाक मारली, "अगं, गिऱ्हाइकं तुलाच विचारतायत!"

आक्काने अंगठा उचलला. निसटला नाही, उचलला.

टेस्टरचा पडदा काळा झाला. भाऊ येऊन बायकोवर खेकसला, "चांगलं चाललेलं, कशाला नसत्या उठाठेवी?"

"माझंच चुकलं. केबल ढिली असेल," भावजय खालमानेने म्हणाली. आक्काने भिंग पुसायला घेतलं. त्या दिवशी एकूण एक भाग तिच्याकडे आला, अगदी साधेसुद्धा, आणि कित्येक महिन्यांनी तिला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, तर टेस्टर पुन्हा जोडलेलं. पट्टी शेवटाला पोचत आली होती. बटणावर कपडे वाळत घालायचा चिमटा होता.

"मी धरलं असतं की," आक्का म्हणाली.

"राहू द्या, आक्का. अंगठा दुखेल तुमचा."

भावजय नेहमीसारखंच गोड बोलली. फक्त चिमट्यावर स्वतःचा हात ठेवून उभी राहिली, आणि आक्का तिथून हलेपर्यंत तो तिने काढला नाही.