हरणारी बाजू

२६ जानेवारी, सकाळी ०९:४०. ठिकाण वडनेर, शाळेचं मैदान. फौजेतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. पोट सोडलं तर सगळी शिस्त शाबूत आहे. घेरदार जपानी विजार, कमरेला लाकडी तलवार, अशा थाटात मी उभा होतो.

"हवालदार, घागरा सांभाळजो!" मागून आवाज आला.

मी कडक सॅल्यूट ठोकला. मैदान हसलं.

जपानी युद्धकलांचं प्रात्यक्षिक होतं. हिंगणघाटच्या क्लासवाल्यांनी हातानं छपराची कवेलू फोडून टाळ्या घेतल्या होत्या. शेवटचा आयटम माझा आणि शोभावहिनींचा. वहिनी याच शाळेत मराठी शिकवतात. फौजेतला माझा जोडीदार, सहा वर्षांपूर्वी बर्फात गेलेला नाईक सुधाकर भगत, हा त्यांचा नवरा.

एका संयुक्त सरावात जपानी सार्जंटनं आम्हा दोघांना तलवारीचा एक डाव शिकवला. बारा पावलांचा. एक जण हल्ला करतो आणि हरतो. दुसरा थांबतो, बाजूला सरकतो आणि जिंकतो. तीन आठवडे सुधाकर हरला आणि मी कंपनीभर मिशीला ताव देत फिरलो. शेवटच्या दिवशी दुभाष्यानं सांगितलं, हरणारी बाजू नेहमी सीनियरची असते. समोरच्याला शिकवायचं त्यानंच असतं. सुधाकर मला सहा महिन्यांनी सीनियर होता.

"मले पयल्याच दिवशी सांगतलं होतं त्यानं," सुधाकर म्हणाला. पुढेही आम्ही बाजू बदलल्या नाहीत.

सुट्टीवर आला की तो वहिनींना अंगणात हाच डाव शिकवायचा. त्याच्या आईला मोतीबिंदू. तिला फक्त काठ्यांचा आवाज कळायचा. आता ऑपरेशन झालं होतं.

"आईले एकदा दाखवाचं हाय, भाऊजी," वहिनी फोनवर म्हणाल्या होत्या. "मले सगळं येते. तुमी फक्त येजा."

रिहर्सलही फोनवरच झाली. दोघांनी आपापली बारा पावलं मोजली. बरोबर जुळली.

०९:५२. आम्ही वाकून नमस्कार केला. तलवारी उचलल्या. मी हल्ल्याची वाट पाहू लागलो. वहिनीही पाहू लागल्या. दहा सेकंद. वीस.

"काऊन बाप्पा, फोटो काढून राह्यले का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

मी ओठ न हलवता म्हणालो, "वहिनी, हल्ला करा."

"मी काऊन? तुमी कराचा."

"मले त जिंकणंच येते."

"मले बी."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दोघांनाही एकाच माणसानं शिकवलं होतं, आणि तो दरवेळी हरला होता. हरायचं कसं, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

पहिल्या खुर्चीत सुधाकरच्या आई नवा चष्मा सावरून पुढे झुकल्या होत्या.

मी डोळ्यांसमोर सुधाकरला उभं केलं. शेकडो वेळा तो समोरून पाहिला होता. आधी डावा पाय. नाकानं श्वास. आणि तुटून पडण्याच्या क्षणभर आधी एक भुवई वर. मी भुवई उचलली, आरोळी ठोकली आणि तुटून पडलो. वहिनी सरकल्या. त्यांची तलवार माझ्या गळ्यापासून दोन बोटांवर थांबली. मी गुडघा टेकला. गुडघ्याचा आवाज आरोळीपेक्षा मोठा आला.

टाळ्या संपल्यावर आई काठी टेकत माझ्याजवळ आल्या.

"भिवई उचलली तू," त्या म्हणाल्या. "लहानपनी खोडी कराच्या पयले तो अशीच उचले."

"हो, आई."

"त्या दिवशी बी?"

सहा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी ०५:४०, पेट्रोलिंग, बर्फाचा उतार. दोरावर पुढे जायची पाळी माझी होती.

"हो, आई. 'सीनियर कोन हाय?' म्हणाला, भुवई उचलली आणि माझ्या पुढं गेला."

आईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. खुर्चीवर जाऊन बसल्या.

"दाखव मंग अजून एक डाव."

वहिनींनी तलवार उचलली. या वेळी कुणी कुणाला विचारलं नाही. मी हरणाऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो.